हापूसच्या सावलीइतका उजेड

१४ जुलैला पहिल्यांदा लक्षात आलं की घरच्या खाऱ्या पाण्याच्या टाकीत डाव्या कोपऱ्यातल्या झोआ नावाच्या कोरलांचे (प्रवाळांचे) देठ लांबलेत. एरवी शर्टाच्या बटणासारखी बसकी दिसणारी ही कोरलं, उन्हाला मुकलेल्या रोपासारखी माना वर काढून उभी होती. शेजारचे दोन मश्रूम (हीही कोरलंच) ताटलीएवढे पसरलेले आणि पापडासारखे पातळ झालेले. मधल्या दगडावरचं लेदर कोरल आठवडाभर मिटूनच होतं, पण लेदर अधूनमधून कात टाकतं आणि तेव्हा मिटतंच, म्हणून त्याच्याकडे मी दुर्लक्ष केलं.

टाकी तीन फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच. ओटीवर आहे, दोन वर्षं झाली. रत्नागिरीतल्या भाट्याचा किनारा घरापासून दहा मिनिटांवर, तरी टाकीतलं पाणी आरओच्या पाण्यात पाकिटातलं मीठ कालवून केलेलं, हे ऐकून आल्यागेल्याला हसू येतं. (पावसाळ्यात खाडीतोंडाचं पाणी किती गोडं आणि लाल होतं ते एकदा पाहा, मग हसा.) आत आहेत ती सगळी मऊ कोरलं: झोआ, मश्रूम, एक लेदर. कडक सांगाड्याची, प्रवाळखडक बांधणारी कोरलं २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. कुणी 'छोटा तुकडा आहे, घ्या' म्हणून दाखवली तरी घ्यायची नाहीत, आणि आपल्या किनाऱ्यावरून तर काहीच उचलून आणायचं नाही.

माझा गैरसमज मालवणहून आला होता. सिंधुदुर्ग किल्ल्याजवळच्या पाण्यात एका डिसेंबरात स्नॉर्कल लावून उतरले होते. १९८७ पासून तो भाग सागरी अभयारण्यात आहे. पाणी गढूळ, चार हात पलीकडचं धूसर, आणि त्यात टर्बिनारियाची परातीसारखी कोरलं निवांत पसरलेली. तेव्हापासून डोक्यात बसलं, कोरलला उजेड तो कितीसा लागतो! पण ती तिथलीच, त्याच धूसर उजेडात वाढलेली. माझे झोआ कुठल्या उजेडातून आले हे मी विचारलंही नव्हतं.

मुंबईच्या ज्या दुकानातून लाईट घेतला त्यांना फोटो पाठवले. साधा चायनीज एलईडी, पांढरा आणि निळा असे दोन चॅनेल, प्रत्येकाला टक्क्यांचं बटण. उत्तर लगेच आलं, "मॅडम, लाईट कमी पडतोय. नवीन घ्या, अडतीस हजारांत चांगला येईल. तोवर हा शंभर टक्क्यांवर ठेवा." मी तोवर दोन्ही चॅनेल ५५ टक्क्यांवर चालवत होते. २ ऑगस्टला सकाळी दोन्ही बटणं शंभरवर नेली.

इथेच चुकलं. कोरलच्या पेशींत झूझँथेली नावाची एकपेशीय शैवालं राहतात. उजेडावर अन्न ती करतात, कोरल त्यावर जगतं. उजेड एकदम वाढला की शैवालांचा कारभार बिघडतो, पेशीत घातक ऑक्सिजन साठायला लागतो आणि कोरल आपला भाडेकरूच बाहेर काढतं. मग रंग जातो आणि उपासमार सुरू होते. आमच्याकडे ६ ऑगस्टला वरच्या दगडावरचे झोआ मिटले, १० तारखेपर्यंत त्यातले अकरा विरघळून गेले. वरच्या बाजूचे दोन मश्रूम आक्रसून बोराएवढे पांढुरके झाले. आणि ज्यांच्यासाठी हे सगळं केलं ते डाव्या कोपऱ्यातले झोआ? ते होते तसेच माना ताणून उभे. एकाच टाकीत एकीकडे वैशाख, एकीकडे आषाढ.

त्याच रात्री दोन्ही बटणं चाळीसवर आणली आणि ठरवलं की आता अंदाजाने बटण फिरवायचं नाही. पतसंस्थेत नोकरी, रोजकीर्द लिहायची सवय. न मोजता खर्च केला तो इथेच कसा, याचा राग आला.

आधी लक्स मीटर मागवला, १२५० रुपयांचा. पुढच्या दोन महिन्यांत लाईट परत ५५ वर आला होता, दर आठवड्याला दोन-दोन टक्के वाढवत. पाण्याच्या पातळीला मीटर धरला तर नुसता पांढरा चॅनेल ११,००० लक्स आणि नुसता निळा २,१००. म्हणजे निळा जवळपास फुकटच? तसं नसतं. लक्स हे माणसाच्या डोळ्याचं माप आहे. आपला डोळा ५५५ नॅनोमीटरच्या पोपटी उजेडाला सर्वांत जास्त जागा असतो, ४५० च्या निळ्याला जवळपास झोपलेला. शैवालांचं उलट, निळा त्यांना सर्वांत जास्त कामाचा. त्यांच्यासाठी वेगळं माप आहे, त्याला पार म्हणतात. (वडाचा नव्हे.) ४०० ते ७०० नॅनोमीटरमधल्या प्रकाशाचे किती कण एका चौरस मीटरवर एका सेकंदात पडतात, ते मायक्रोमोलमध्ये. निळा असो की तांबडा, प्रत्येक कण सारखाच मोजला जातो. मऊ कोरलांसाठी साधारण ५० ते १५० पार पुरतो, मश्रूमला खालच्या टोकाचा.

पार मीटर मात्र स्वस्त नाही. बाहेरून मागवला तर शुल्क धरून साठ-सत्तर हजारांच्या घरात जातो. आणि वर्षातून एकदा लागणार.

मग आठवलं, पार मोजतात ते फक्त कोरलवाले नाहीत. आंब्याच्या झाडाखाली उजेड किती झिरपतो हेही त्यानेच मोजतात. जिल्ह्यातल्या एका संस्थेत असं उपकरण आहे असं कळलं. २१ ऑगस्टला रजा टाकून गेले. तोंडी विचारायचं नाही, अर्ज द्या. अर्ज दिला तर 'प्रयोजन' स्पष्ट लिहा. 'घरगुती मत्स्यटाकीतील प्रकाश मोजणे' असं लिहिलं, तेव्हा टेबलापलीकडच्या साहेबांनी चष्म्यावरून एकदा माझ्याकडे, एकदा अर्जाकडे पाहिलं. आवक क्रमांक मिळाला. मध्ये गणपती. नंतर दोन खेपा. एकदा संबंधित कर्मचारी प्रशिक्षणाला, एकदा फाईल 'वर'. २६ सप्टेंबरला पत्र आलं, सदर उपकरण आवाराबाहेर देण्याची तरतूद नाही. खरं सांगायचं तर त्यांचं चुकलं असं मला वाटत नाही. सत्तर हजारांची वस्तू कुणा बाईच्या खाऱ्या पाण्याच्या टाकीत बुडवायला कोण देईल? पण नाही म्हणायला छत्तीस दिवस लागायला नको होते.

शेवटी पुण्याच्या हौशी मंडळींचा एक गट सापडला. त्यांनी वर्गणी काढून मीटर घेतलाय आणि तो भाड्याने फिरवतात. दिवसाला ३०० रुपये, किमान पाच दिवस, १५,००० अनामत, आणि बाँड पेपरवर हमी. शंभराचा बाँड आता चालत नाही, पाचशेचा घ्यावा लागला, वर नोटरीचे दीडशे. ३ ऑक्टोबरला नाव दिलं, नंबर सातवा. दिवाळीत कुरिअरवर विश्वास नको म्हणून त्यांनी पाठवणं थांबवलं होतं. ११ नोव्हेंबरला दुपारी खोका आला.

तुमच्याकडे मीटर पाचच दिवस असणार असेल तर एक सांगते, खोका यायच्या आधी कागद तयार ठेवा. मी लेकाच्या आठवीच्या आलेखवहीत टाकीचा नकाशा काढून ठेवला होता. लांबीत पाच जागा, रुंदीत तीन, खोलीत तीन पातळ्या, एकूण पंचेचाळीस बिंदू. सेन्सर बांधायला वायरमनकडून अर्धा इंची पीव्हीसी पाइपचा तुकडा आणला, खालच्या टोकाला प्लास्टिकची छोटी पट्टी आडवी बसवली आणि त्यावर केबल-टायने सेन्सर. तो सपाट, बरोबर वर तोंड करून राहायला हवा; जरा कलला की आकडा बदलतो. प्रवाहाचा पंप बंद करायचा, नाहीतर लाटांच्या चकाकीने आकडे नाचतात. लाईट हळूहळू चढणारा असेल तर पूर्ण चढेपर्यंत थांबायचं.

दुसऱ्या दिवशी दुपारी, टाकीत बुडवण्याआधी, सहज म्हणून मीटर खळ्यात नेला. साडेबाराचं नोव्हेंबरातलं ऊन: १४८०. मग तसाच चार पावलं चालत हापूसखाली, दाट सावलीत: ६८.

मी पुन्हा खळ्यात गेले, पुन्हा झाडाखाली आले. ६८, ७१, ६६. डोळ्याला त्या सावलीत वाचता येतं, भाजी निवडता येते, उजेड कमी आहे असं वाटतच नाही, आणि प्रत्यक्षात तो उन्हाच्या विसाव्या हिश्श्यापेक्षाही कमी. मश्रूमला हवा तो एवढाच. सासूबाई पायरीवरून बघत होत्या. "अगं, आंब्याचा ताप घेतेस की काय?"

त्या रात्री आकडे घ्यायला बसलो, मी सांगणार आणि लेक लिहिणार. साडेदहापर्यंत सव्वीस बिंदू झाले. सगळेच आकडे मला वाटले त्यापेक्षा बरेच कमी, मन खट्टू झालं. सकाळी खोक्याच्या तळाशी दुमडलेली चिठ्ठी दिसली: 'पाण्याखाली १.३२ ने गुणा.' अ‍ॅपोजीचा एमक्यू-५०० होता तो. सेन्सर पाण्यात बुडाला की त्याच्या पांढऱ्या टोपीवरून उजेड वेगळ्या रीतीने निसटतो, म्हणून हा गुणक. त्याच कंपनीच्या एमक्यू-५१० मध्ये ही दुरुस्ती आतच केलेली असते, त्याला पुन्हा गुणलं तर हिशेब दुसऱ्या बाजूला चुकतो. आपल्या हातात कुठला आहे ते आधी पाहा. सव्वीस आकडे गुणून लेकाने पुन्हा लिहिले, उरलेले एकोणीस त्या रात्री.

५५ टक्क्यांवर, गुणून झाल्यावर: मधोमध, दहा सेंटिमीटर खोलीवर २३२. मधोमध तळाला ९६. उजव्या मागच्या कोपऱ्यात तळाला २४. डाव्यात १२.

बारा! हापूसखाली अडुसष्ट आणि माझ्या झोआंना बारा. माना ताणणार नाहीत तर काय करतील. मग उत्सुकता म्हणून दोनच मिनिटं बटणं शंभरवर नेऊन पाहिलं. वरच्या दगडापाशी ४१८. म्हणजे ऑगस्टात मी तिथल्यांना एका सकाळीत जवळपास दुप्पट उन्हात उभं केलं होतं, आणि कोपऱ्यातल्यांना बारावरून फक्त बाविसावर नेलं होतं. दुकानदाराचा अडतीस हजारांचा लाईट घेतला असता तरी हेच झालं असतं, फक्त मोठ्या प्रमाणात.

आणि पाण्याच्या पातळीला, हवेत, पांढरा चॅनेल १६० आणि निळा १५०. लक्स मीटरने ज्याला पाचवा हिस्सा म्हटलं होतं तो जवळजवळ बरोबरीचा निघाला.

आता प्रश्न उरला डाव्या-उजव्याचा. लाईट एकच, मधोमध टांगलेला, मग डावा कोपरा उजव्याच्या निम्मा का? मी टाकीसमोर पाट घेऊन बसले आणि नुसती बघत राहिले. सम्पमधून, म्हणजे गाळणीच्या जोडटाकीतून, पाणी परत येतं तो पाइप डावीकडे आहे. तिथे बुडबुडे फुटतात, त्यांचे तुषार उडतात. वर मान करून लाईटच्या भिंगांकडे पाहिलं तर डावीकडची भिंगं दिसतच नव्हती. त्यांवर मिठाची खरड बसली होती, मिठागरातल्या फेसासारखी, कडेला पिवळसर. नखाने खरवडली तर पापुद्रा निघाला. जिभेला लावून पाहिला नाही, एवढंच.

प्लग काढून, लाईट उतरवून, पांढऱ्या व्हिनेगरमध्ये भिजवलेल्या फडक्याने प्रत्येक भिंग पुसलं, मग आरओच्या पाण्याने. डावा कोपरा बारावरून तेवीस. खर्च: व्हिनेगर, ४५ रुपये.

मग संशय झाकणावर गेला. आमच्याकडे काचेचं झाकण आहे, पाली आणि मांजर या दोघांसाठी. दर रविवारी वरून पुसते. खालून कधीच पुसलं नव्हतं. झाकणासकट ३१०, झाकण काढून ४४०. तीस टक्के उजेड नुसत्या एका काचेत अडकला होता! खालची बाजू घासली, पुन्हा मोजलं, ४०५. म्हणजे आधी ५५ वर जेवढा उजेड मिळत होता तेवढा आता ४२ वरच मिळायला लागला. मी लगेच बटण ४२ वर आणलं. हे विसरू नका. स्वच्छ झाकण म्हणजे कोरलच्या दृष्टीने अचानक वाढलेलं ऊनच.

पाण्याचंही तसंच. जुनं पाणी किंचित पिवळं पडतं, डोळ्याला कळत नाही, पण तो पिवळेपणा नेमका निळा उजेड खातो. ११ तारखेला रात्रीच एका पिशवीत अ‍ॅक्टिव्हेटेड कार्बन घालून सम्पमध्ये सोडला होता. लेदरजवळ ठरवलेल्या एका बिंदूवर आधी १३१ होता, चार दिवसांनी त्याच सेटिंगला १४३. (हा बिंदू मी बाकी सगळं बदलण्याआधी आणि नंतर पुन्हा तीच मांडणी करून घेतला. घरात जरा वाद झाले.)

शेवटचं काम उंचीचं. लाईट पाण्यापासून २० सेंटिमीटरवर होता, भिंगांमुळे उजेड विजेरीसारखा मध्येच पडत होता. वर घेतला की मधला कमी होतो आणि कडांना पोचतो. फॅब्रिकेटरने आधी लोखंडी साखळी सुचवली. आमच्याकडे लोखंड एका पावसाळ्यात गंजून टाकीत गळतं, म्हणून स्टेनलेस स्टीलची तार आणि हुक घेतले, ६४० रुपये. ३४ सेंटिमीटरवर टांगून, ६० टक्क्यांवर: मधोमध वर १९०, तळाला ९५, उजवा कोपरा ४३, डावा ३८. वायर टांगताना तिचा एक झोल प्लगच्या खाली राहील असा सोडा, म्हणजे ओघळलेलं पाणी झोलाच्या टोकाशी थेंब होऊन पडतं, प्लगमध्ये जात नाही.

अडतीससुद्धा झोआंना कमीच. पण तेव्हा उमगलं की कोपरा उजळवण्यापेक्षा झोआ उचलणं सोपं. हातमोजे आणि चष्मा घालून (झोआंच्या काही जातींत पॅलीटॉक्सिन नावाचं जहाल विष असतं, उघड्या हाताने, विशेषतः जखम असताना, हात लावू नका, आणि त्यांचा दगड कधीही गरम पाण्यात उकळू नका) त्यांचा दगड १०० पारच्या जागी हलवला. मश्रूम ५० ते ६० च्या पट्ट्यात. लेदर १२० ला. पूर्ण उजेड आठ तास.

बारावरून एकदम शंभरला नेलेले झोआ पुन्हा भाजले असते. म्हणून खिडकीला लावायची नायलॉनची डासांची जाळी त्यांच्या वरच्या झाकणावर पसरली. एक थर लावला तर शंभरचे पंचाहत्तर झाले. असे चार थर लावून सुरुवात केली आणि दर दहा दिवसांनी एक काढला. चौथा थर २५ डिसेंबरला निघाला. सगळ्या प्रकरणातली सर्वांत उपयोगी वस्तू तीच, आणि ती घरातच पडलेली होती.

मीटर १६ नोव्हेंबरला परत पाठवला. अनामतीतून काही कापलं नाही. एकूण खर्च: लक्स मीटर १२५०, भाडं १५००, कुरिअर जाऊन-येऊन ७६०, बाँड-नोटरी ६५०, तार ६४०, कार्बन ३५०, व्हिनेगर ४५. ५,१९५ रुपये. अकरा झोआ वेगळे. आक्रसलेल्या दोनपैकी एक मश्रूम गेला, दुसऱ्याला दिवाळीच्या सुमाराला पुन्हा रंग धरला.

मीटर गेल्यावर काय, तर तो बिनकामाचा ठरवलेला लक्स मीटर. दोन वेगळ्या लाईटांची तुलना त्याने होत नाही, पण लाईट तोच, सेटिंग तेच, जागा तीच असेल तर आजचा आकडा कालच्या आकड्याशी ताडता येतो. पार मीटर असतानाच मी झाकणाखाली, मधोमध, पाण्याच्या पातळीला दोन्ही नोंदी घेऊन ठेवल्या. २७० पार, ११,४०० लक्स. महिन्यातून दोनदा त्याच जागी लक्स मोजते. दहा-बारा टक्के उतरला की झाकण आणि भिंगं.

जानेवारीच्या मध्यावर झोआंच्या दगडावर सहा नवी तोंडं आली. जुने देठ लांबच राहिले, नवी मात्र दगडाला चिकटून, बुटकी. संध्याकाळी निळा एकटा चालू असतो तेव्हा त्यांच्या कडा हिरव्या पेटतात. सासूबाईंचं मत बदललेलं नाही. ओटीवर डास मारायचं मशीन लावल्यासारखं दिसतं, असं त्या आल्यागेल्याला सांगतात. पण जुन्या सुती लुगड्याचा एक मऊ तुकडा त्यांनीच फाडून दिला आणि टाकीशेजारच्या खुंटीला अडकवला.

८ फेब्रुवारीला लक्स ९,३०० दाखवत होता. झाकण खालून पुसलं, ११,३००.